चित्रपटगृहांतील भुताटकीच्या कथा

जुन्या चित्रपटगृहांत मृतांचा वावर असतो, या समजुतीतून निर्माण झालेल्या आणि मुख्यतः तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडून पसरलेल्या कथा. विसाव्या शतकातील शहरी लोककथांचा हा एक ठळक प्रकार असून अमेरिका, ब्रिटन आणि आग्नेय आशियात तो विशेष रुजला आहे. मराठी लोकसमजुतीत मुंजा पिंपळावर राहतो, खवीस आणि झोटिंग ओसाड जागा धरतात आणि त्यांच्या मुळाशी बहुधा अपुरी राहिलेली वासना असते. चित्रपटगृहातले भूत याहून वेगळे असते. ते सहसा कोणाला झपाटत नाही. आपले नेहमीचे काम, आपली ठरलेली खुर्ची किंवा आपल्या मरणाची जागा मात्र ते सोडत नाही.

पूर्वपीठिका

पडदा आणि भूत यांचा संबंध चित्रपटाहून जुना आहे. एत्येन-गास्पार रोबेरसन याने १७९९ पासून पॅरिसमधील एका ओस पडलेल्या मठात ‘फॅन्टॅस्मागोरिया’ नावाचे खेळ केले. चाकांवरचा जादूचा कंदील पडद्यामागून पुढे-मागे सरकवला की चित्रातला सांगाडा प्रेक्षकांच्या अंगावर धावून येतोसा वाटे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत डिसेंबर १८६२ मध्ये ‘पेपरचे भूत’ (पेपर हे आडनाव) हा प्रयोग झाला. रंगमंचाखाली लपवलेल्या नटावर प्रखर प्रकाश टाकून त्याचे प्रतिबिंब तिरक्या काचेवर पाडले जाई आणि जिवंत नटांच्या शेजारी पारदर्शक आकृती उभी राही. चित्रपटाचा जन्म झाल्यावर वर्षभरातच, १८९६ मध्ये, जॉर्ज मेलिएस याने सैतान आणि भुतांचा एक छोटा चित्रपट काढला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. त्याच महिन्यात रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की याने रशियातील अशाच खेळाचे वर्णन केले. पडद्यावरचे मूक, करडे जग त्याला सावल्यांचे वाटले होते. मेलेली माणसे पडद्यावर हसता-चालताना दिसू लागली, त्यामुळे ज्या वास्तूत ती दिसतात तिथे त्यांचा वावर असल्याची कल्पना सहज रुजली.

कथांना पोषक वास्तू

या कथा प्रामुख्याने १९१० ते १९३० या काळात बांधलेल्या भव्य चित्रगृहांभोवती गुंफलेल्या आहेत. दीड ते तीन हजार आसने, अनेक जिने, तळघरे, रंगमंचामागच्या खोल्या, कोनाड्यांतले पुतळे आणि वाद्यवृंदासाठीचा खड्डा अशी त्यांची रचना असे. १९५० नंतर घरोघर दूरचित्रवाणी आली, प्रेक्षक घटले, बाल्कन्या बंद झाल्या आणि ज्या वास्तूत हजारो माणसे मावत तिथे रात्री दोन-तीनच कर्मचारी उरले. गर्दीसाठी बांधलेली जागा रिकामी झाली की तिथला शांतपणा माणसाला अस्वस्थ करतो. बहुतेक कथा याच उतरत्या काळात आकाराला आल्या.

त्यात प्रोजेक्टरच्या केबिनचे स्थान खास आहे. ऑपरेटर तिथे एकटा असे. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपे. एका यंत्रावरचे रीळ संपता संपता दुसरे यंत्र सुरू करावे लागे, त्यामुळे त्याला जागा सोडता येत नसे. प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्यांमधली प्रखर विद्युतज्योत वापरली जाई आणि १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची असे. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन पुरवते, म्हणून पेटलेली फिल्म विझवता येत नाही. यासाठी केबिन अग्निरोधक करून तिच्या झरोक्यांना लोखंडी झडपा बसवत. इतरांपासून असे तोडलेले, धोक्याचे आणि बाहेरून न दिसणारे काम करणारा माणूस गेला, तरी त्याचा वावर केबिनमध्ये राहिला असे पुढच्या माणसांना वाटणे स्वाभाविक होते.

प्रकार आणि प्रमुख उदाहरणे

स्थूलमानाने या कथांचे तीन प्रकार पडतात : दुर्घटनेतील मृतांच्या, प्रसिद्ध व्यक्तींच्या आणि कर्मचाऱ्यांच्या.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत गंभीर उदाहरण शिकागोचे आहे. तिथल्या इरोक्वॉय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळात आग लागली आणि किमान ६०२ माणसे दगावली. प्रेक्षकांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि त्याची जाहिरात अग्निरोधक म्हणून केली गेली होती. दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला. आग अडवण्यासाठीचा सुरक्षा-पडदा अर्ध्यावर अडकला. अनेक दारांच्या कड्या प्रेक्षकांना उघडता आल्या नाहीत. मागच्या गल्लीच्या बाजूचे आपत्कालीन जिने अपुरे होते, त्यामुळे कित्येक जण वरून खाली पडले. या गल्लीला पुढे लोक ‘मृत्यूची गल्ली’ म्हणू लागले. तिथे रडण्याचे आवाज येतात, अंगावरून थंड झुळूक जाते, असे सांगितले जाते.

जळालेली वास्तू दुरुस्त करून ‘कलोनियल’ या नावाने चालवली गेली आणि १९२५ मध्ये पाडली गेली. त्या जागी १९२६ मध्ये ‘ओरिएंटल’ हे भव्य चित्रगृह उभे राहिले. त्याचे आजचे नाव ‘नेडरलँडर’ आहे. आज जिथे भुते दिसल्याचे सांगतात, ती इमारत जळालेली नव्हे, तिच्या जागेवर उभारलेली आहे. वास्तू बदलली तरी कथा जागेला धरून राहिली. या आगीनंतर अनेक शहरांनी नाट्यगृहांच्या सुरक्षेचे नियम कडक केले. अंगाच्या रेट्याने आतून उघडणाऱ्या आडव्या दांड्याच्या दाराचा प्रसारही याच दुर्घटनेशी जोडलेला आहे. त्या खेळाला जायचे ठरवूनही जाऊ न शकलेल्या कार्ल प्रिन्झलर यांच्या पुढाकाराने असे कुलूप १९०८ मध्ये बाजारात आले.

दुसऱ्या प्रकारात त्याच शहरातील ‘बायोग्राफ’ चित्रपटगृह येते. कुख्यात दरोडेखोर जॉन डिलिंजर २२ जुलै १९३४ रोजी ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ हा गुन्हेगारी चित्रपट पाहून बाहेर पडला आणि जवळच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी एजंटांच्या गोळ्यांनी मेला. गल्लीत एक निळसर आकृती धावते, अडखळते आणि नाहीशी होते, असे लोक सांगतात. हॉलिवूडमध्ये वॉर्नर बंधूंनी १९२८ मध्ये उघडलेल्या चित्रगृहात सॅम वॉर्नर वावरतो अशी कथा आहे. बोलपटाचा आग्रह धरणारा हा भाऊ ५ ऑक्टोबर १९२७ रोजी वारला आणि दुसऱ्याच दिवशी ‘द जॅझ सिंगर’ हा त्यांचा युगप्रवर्तक चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला. आपल्या कष्टांचे फळ त्याला पाहता आले नाही, ही हळहळ या कथेमागे आहे. हॉलिवूडमधीलच ‘पँटाजिस’ चित्रगृहात त्याचे एकेकाळचे मालक हॉवर्ड ह्यूज दिसतात, अशीही समजूत आहे.

तिसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण फ्लोरिडातील टँपा थिएटर होय. वास्तुविशारद जॉन एबरसन यांच्या आराखड्यानुसार ते १९२६ मध्ये बांधले गेले. प्रेक्षक एखाद्या भूमध्यसागरी चौकात बसले आहेत असा भास व्हावा, म्हणून भोवती सज्जे, खिडक्या आणि पुतळे आहेत, तर छतावर चांदण्यांचे आकाश आहे. इथे सुमारे ३५ वर्षे नोकरी केलेल्या एका ऑपरेटरचे १९६५ मध्ये निधन झाले आणि त्यानंतर केबिनची दारे आपोआप उघडणे, किल्ल्यांचा आवाज येणे असे अनुभव सांगितले जाऊ लागले. कर्मचारी त्याचा उल्लेख भीतीने नव्हे, तर आपुलकीने करतात. १९७० च्या दशकात हे थिएटर पाडले जाण्याच्या बेतात होते. शहराने ते ताब्यात घेऊन वाचवले.

रंगभूमीचे संकेत

चित्रपटगृहांनी अनेक समजुती नाट्यगृहांकडून घेतल्या. लंडनच्या ‘ड्रुरी लेन’ नाट्यगृहातला ‘करड्या वेषातला माणूस’ हे त्यांतले नामांकित भूत. दुपारच्या खेळाला तो वरच्या सज्जात दिसला तर नाटक चालते, असे नटमंडळी मानतात. लंडनच्याच ‘पॅलेस’ नाट्यगृहात भुतांसाठी दोन खुर्च्या कायम उघड्या ठेवतात असे सांगितले जाते. खेळ संपल्यावर रिकाम्या रंगमंचावर एकच दिवा जळत ठेवण्याची पद्धत अमेरिकेत सर्वत्र आढळते. त्याला ‘भुताचा दिवा’ म्हणतात. अंधारात कोणी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात पडू नये हे त्याचे व्यावहारिक कारण, तर भुतांना नाटक करता यावे ही श्रद्धा. २०२० च्या महासाथीत नाट्यगृहे बंद असताना असे दिवे महिनोन्‌महिने तेवत ठेवले गेले आणि पुन्हा पडदा उघडण्याच्या आशेचे ते चिन्ह ठरले.

आशियातील परंपरा

आग्नेय आशियात मृतात्मे आणि देवता यांना प्रेक्षक मानण्याची रीत आहे. सिंगापूर आणि मलेशियातील चिनी समाज चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यात मृतात्म्यांसाठी ‘गेताई’ हे गाण्याचे खेळ करतो. त्यांत पहिली रांग पाहुण्या आत्म्यांसाठी रिकामी सोडतात. थायलंडमध्ये नवस फेडण्यासाठी देवस्थानापुढे उघड्यावर चित्रपट दाखवतात. आपल्याकडच्या जत्रेतल्या तंबू टॉकीजप्रमाणे फिरती यंत्रे घेऊन मंडळी येतात. कधी समोर एकही माणूस नसतो, तरी खेळ पूर्ण केला जातो.

याच प्रथेतून उदोन थानी प्रांतातील खाम चानोत या बेटाची कथा आली. १९८९ मध्ये एका फिरत्या कंपनीला तिथे खेळाची सुपारी मिळाली. पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले प्रेक्षक आले, स्तब्ध बसून राहिले आणि पहाटेपूर्वी दिसेनासे झाले, असे सांगतात. या कथेवर २००७ मध्ये थाई चित्रपटही निघाला.

अनुभवांची कारणमीमांसा

सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा अनुभव प्रामाणिक असतो. त्याचा अर्थ लावताना पुढील कारणे विचारात घेतली जातात. शेवटच्या खेळानंतर वातानुकूलन बंद झाले की छताचे लोखंड आणि लाकूड आकुंचन पावून कडकडते. स्प्रिंग सैल झालेल्या खुर्च्यांची बैठक उशिरा वर उचलली जाते. घुमटाकार छत कुजबूजही दूरवर नेऊन पोहोचवते आणि जुन्या हवेच्या वाहिन्यांतून दुसऱ्या मजल्यावरचे बोलणे ऐकू येते. उघडी राहिलेली रंगमंचामागची दारे थंड झुळूक आत आणतात. अंधुक उजेडात पुतळे आणि पडद्यांच्या चुण्या यांत मेंदू चेहरे शोधतो.

इंग्लंडमधील अभियंता विक टँडी यांनी आपल्या प्रयोगशाळेतील करड्या आकृतीचा आणि अस्वस्थतेचा छडा कसा लावला, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यामुळे तिथे सुमारे १९ हर्ट्‌झ कंपनसंख्येचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी निर्माण होत होता. मोठे पंखे असलेल्या चित्रपटगृहांनाही हे स्पष्टीकरण लावले गेले. मात्र लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा ध्वनीपेक्षा सूचनेचा परिणाम अधिक संभवनीय ठरला. ‘इथे काहीतरी आहे’ हे आधी ऐकलेल्या माणसाला साधा खटकाही अर्थपूर्ण वाटतो. नव्या नोकराला पहिल्याच रात्री जुन्याकडून कथा मिळते आणि त्याच्या अनुभवाने ती पुढे जाते.

चित्रपटांतील प्रतिबिंब

गास्ताँ लरू यांच्या कादंबरीवरील ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५) या मूकपटाने प्रेक्षागृहात लपून राहणाऱ्या विरूप माणसाची प्रतिमा जगभर नेली. लांबेर्तो बावा यांच्या ‘डेमन्स’ (१९८५) मध्ये पडद्यावरचे अरिष्ट प्रेक्षकांत उतरते. त्साय मिंग-लियांग यांच्या ‘गुडबाय, ड्रॅगन इन’ (२००३) मध्ये तैपेईतील बंद होणाऱ्या चित्रपटगृहाचा शेवटचा खेळ आहे. तिथले तुरळक प्रेक्षक जिवंत आहेत की भुते, हे चित्रपट मुद्दाम स्पष्ट करत नाही.

महत्त्व आणि मर्यादा

इतिहासाचे साधन म्हणून या कथा जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत. सांगणारा बदलला की नावे, तारखा आणि मृत्यूची कारणे बदलतात, पुष्कळदा न घडलेले अपघातही चिकटतात. खऱ्या दुर्घटनांबाबत मृतांची नावे आणि घटनेची कारणे नोंदींवरून तपासणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते. दुर्घटनाग्रस्तांच्या दुःखाचा निव्वळ करमणुकीसाठी वापर होऊ नये, ही अपेक्षाही रास्त आहे.

तरीही या कथांनी जपलेली माहिती मोलाची आहे. चित्रपटाच्या लिखित इतिहासात नट आणि निर्माते भेटतात. केबिनमध्ये आयुष्य घालवलेला ऑपरेटर तिथे क्वचितच दिसतो. त्याची आठवण अनेक ठिकाणी केवळ भुताच्या गोष्टीतून टिकली. इरोक्वॉयच्या गल्लीतली कथा ऐकणाऱ्याला आपल्या चित्रपटगृहाचे दार बाहेरच्या बाजूला का उघडते, याचे उत्तर मिळते. काही जुनी चित्रगृहे भुताटकीच्या सशुल्क फेऱ्या भरवतात, त्यांतून देखभालीला हातभार लागतो आणि वास्तूविषयी नव्या पिढीत आस्था निर्माण होते.

अलीकडे डिजिटल प्रक्षेपणामुळे रिळे आणि केबिनमधला कायमचा ऑपरेटर हे दोन्ही गेले. अनेक एकपडदा चित्रपटगृहे पाडली गेली किंवा त्यांच्या जागी बहुपडदा संकुले आली. त्यामुळे या कथांची परंपरा आता मुख्यतः जतन केलेल्या जुन्या वास्तूंत आणि तिथल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणींत उरली आहे.