कायद्यात नसलेला मुख्य प्रधान

१९३५ च्या भारत सरकार कायद्यातील प्रांतिक मंत्रिमंडळाची कलमे वाचताना आम्हांस प्रथम जाणवते ती एका शब्दाची अनुपस्थिती. मुख्य प्रधान हे पद त्यांत कोठेच नाही. मंत्री गव्हर्नरने निवडायचे, त्यांस पाचारण करायचे, शपथ द्यायची. गव्हर्नरची मर्जी असेतो त्यांनी अधिकारावर राहायचे. सलग सहा महिने विधिमंडळाचा सभासद नसलेल्या मंत्र्याचे पद आपोआप जायचे. ही निवड आणि बडतर्फी गव्हर्नरच्या स्वविवेकावर सोपवलेली होती. कायद्याच्या नजरेत सारे मंत्री सारखे, आणि प्रत्येकाची दोरी निरनिराळी गव्हर्नरच्या हाती.

गव्हर्नरांसाठी काढलेल्या सूचनापत्राची भाषा थोडी निराळी आहे. विधिमंडळात स्थिर बहुमत राखू शकेल अशी व्यक्ती पाहून तिच्या विचाराने मंत्री नेमावेत, महत्त्वाच्या अल्पसंख्य समाजांतील माणसे शक्यतो घ्यावीत, मंत्र्यांत संयुक्त जबाबदारीची भावना वाढवावी, असे तीत सांगितले होते. येथेही ‘व्यक्ती’च; पदनाम नाहीच. लोक मात्र तिला सरसकट ‘मुख्य प्रधान’ किंवा ‘पंतप्रधान’ म्हणू लागले. रूढीने दिलेले हे नाव कायद्याने दिलेले नाही, याची फारशी कोणाला आठवण नव्हती. ती जुलै १९३८ मध्ये नागपुरात झाली.

मध्यप्रांत-वऱ्हाडात डॉ. नारायण भास्कर खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्ये अधिकारावर आले होते. कायदेमंत्री शरीफ १९३८ मध्ये बाहेर पडल्यावर सहा जण उरले: एका बाजूस खरे, वऱ्हाडचे गोळे आणि रामराव देशमुख; दुसऱ्या बाजूस महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता. मे महिन्यात पचमढीला झालेला समेट टिकला नाही. २० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला, गोळे-देशमुखांनीही दिला. उरलेल्या तिघांनी नकार दिला. पक्षाच्या पार्लमेंटरी बोर्डाचा आदेश आल्यावाचून आम्ही हलणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

आता पेच असा. प्रमुख गेला की मंत्रिमंडळ गेले, हा इंग्लंडमधील संकेत. पण कायद्यात प्रमुखच नाही, तर तो गेला म्हणून इतरांचे काय बिघडले? गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी संकेत मानला आणि तो अमलात आणण्यासाठी कायद्यातील निराळीच तरतूद वापरली: २१ तारखेस तिघांना बडतर्फ करून खऱ्यांनाच नवे मंत्रिमंडळ बनवण्यास बोलावले. संसदीय प्रथेचा आदर राखायला राजाच्या प्रतिनिधीची मर्जी कामी यावी, यातील विपरीतपणा आम्हांस आजही खुपतो. दोनच दिवसांत वर्किंग कमिटीच्या दबावाखाली खऱ्यांनी तेही मंत्रिमंडळ मोडले. कमिटीने खऱ्यांना बेशिस्तीबद्दल दोषी ठरवले, गव्हर्नरच्या घाईचाही निषेध केला, आणि शुक्ल मुख्य प्रधान झाले.

आपल्याकडे ही हकीकत मराठी माणसावरील अन्याय म्हणून सांगण्याची चाल आहे. मराठी-हिंदी तेढ खोटी नव्हती. पण केवळ तेवढेच पाहिले की मंत्री नेमतो कोण, हा मूळ प्रश्न झाकला जातो. वल्लभभाई, मौलाना आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांच्या पार्लमेंटरी उपसमितीचा उल्लेख ना कायद्यात होता, ना सूचनापत्रात; तरी तीन मंत्री राजीनाम्यासाठी वाट पाहत होते ती तिच्याच शब्दाची. १९५० च्या संविधानातील १६४ व्या अनुच्छेदाने मुख्यमंत्र्यास नाव दिले, इतर मंत्री त्याच्या सल्ल्याने नेमावेत असे लिहिले आणि मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी विधानसभेप्रती ठरवली. ‘राज्यपालांची मर्जी’ हे शब्द मात्र तेथेही राहिलेच. २००३ च्या दुरुस्तीने संख्येस मर्यादा आली: विधानसभेच्या एकूण सभासदांच्या १५ टक्के, आणि किमान १२. पक्षश्रेष्ठींविषयी अनुच्छेद मुका आहे.

नागपूरच्या प्रकरणात एक नाव हटकून मागे पडते. खऱ्यांनी दोन दिवसांच्या त्या मंत्रिमंडळात रामेश्वर अग्निभोज यांना घेतले होते. त्या काळच्या शब्दांत ते ‘हरिजन’ मंत्री. ही न्यायबुद्धी होती की डावपेच, यावर वाद घालता येईल. दोन्ही असावे असे आम्हांस वाटते. शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते नव्हते. तेव्हा हरिजन मंत्री घ्यावा या मागणीसाठी काही अस्पृश्य कार्यकर्त्यांनी सत्याग्रह केला. त्यासाठी ते गव्हर्नरच्या बंगल्यावर गेले नाहीत, शुक्लांच्या दारीही गेले नाहीत. ते वर्ध्याजवळच्या सेगावला, गांधीजींच्या आश्रमात जाऊन बसले.