मास्टर विठ्ठल आणि उर्दूचा तलफ्फुज

हॉलिवूडचे जुने, कमी खर्चातले घोडदळाचे सिनेमे आमच्या पिढीने टीव्हीवर पाहिले. घोडे धावण्याची तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा जोडलेली, शेवटी बिगूल वाजायचा आणि नायक वेळेवर पोहोचायचा. इंग्रजी फारसे कळत नव्हते, पण घोडा धावला की गोष्ट कळायची.

असा स्वस्तातला घोड्या-तलवारींचा सिनेमा मुंबईतही बनत होता. त्याला स्टंटपट म्हणत. मूकपटांच्या काळात त्याचा सर्वांत मोठा नायक एक मराठी माणूस होता, मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी सुरुवात केली. पुढे मुंबईच्या शारदा कंपनीत ते नायक झाले. घोडेस्वारी, तलवारबाजी, उंचावरून उड्या यांमुळे लोक त्यांना भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. शिकलेली मंडळी या चित्रपटांना नाके मुरडत. थिएटर भरायचे ते कामगारांनी आणि पोरांनी. पडद्यावरच्या पाट्या अनेक भाषांत असत आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला वाचून दाखवी. नायकाची मातृभाषा कोणती, हा प्रश्न कोणाला पडतच नव्हता.

मग बोलपट आला. अर्देशिर इराणी यांनी ‘आलम आरा’साठी विठ्ठल यांना बोलावले. शारदाशी करार असताना ते गेले, म्हणून प्रकरण कोर्टात पोहोचले. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जीना, आणि त्यांनी खटला जिंकला. पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे आज हे वाचताना आपण थबकतो. पण तेव्हाच्या मुंबईत मराठी नटाने चांगला वकील म्हणून जीनांकडे जाणे यात वेगळे काही नव्हते.

कोर्टात जिंकलेले विठ्ठल मायक्रोफोनसमोर मात्र अडखळले. स्टुडिओजवळून रेल्वे जात असल्यामुळे चित्रीकरण बरेचसे रात्री चाले. आवाज तिथल्या तिथेच ध्वनिमुद्रित होई. संवाद पारशी रंगभूमीच्या उर्दूतले होते आणि विठ्ठल यांचा तलफ्फुज कच्चा होता. म्हणून त्यांना अनेक प्रसंगांत गुंगीत असल्यासारखे दाखवले, असे सांगतात. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला. लोकांनी तुफान गर्दी केली. देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक मात्र हळूहळू मागे पडत गेला आणि पुढे दुय्यम भूमिकांत दिसू लागला. १९६९ साली त्यांचे निधन झाले.

यावर कोणी म्हणेल, मराठी माणसाला उर्दू कशी जमणार? तर ‘आलम आरा’ ज्या नाटकावर आधारला होता, त्याचे लेखक होते जोसेफ डेव्हिड पेणकर. बेने इस्रायली समाजाचे, म्हणजे ज्या समाजाची घरची भाषा मराठी आहे त्यातले. दिग्दर्शक इराणी पारशी. ही उर्दू कोणाला जन्मतः मिळाली नव्हती. ऐकून, चुकून, पुन्हा बोलून त्यांनी ती कमावली होती. विठ्ठल यांना कमावायला सवडच मिळाली नाही. उर्दूने त्यांना हाकलले नाही, घाईने हाकलले.

याच भूमिकेसाठी आधी मेहबूब खान यांचा विचार झाला होता. गुजरातमधून आलेला हा तरुण सिनेमाच्या घोड्यांना नाल ठोकायच्या कामासाठी मुंबईत आला, असे सांगतात. शाळा जवळजवळ झालेलीच नाही. भूमिका गेली, पण त्यांना पुढे वेळ मिळाला. १९५७ साली त्यांनी ‘मदर इंडिया’ दिला.

मी नवी मुंबईत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीच्या तासाला एक मुलगा ‘ळ’ला ‘ल’ म्हणतो आणि वर्ग हसतो. मैदानावर हाच मुलगा सर्वांच्या पुढे असतो. उर्दूच्या तासाला दुसरा कोणी ‘ख़’ आणि ‘ख’ यांत गोंधळतो, तेव्हा आधी ज्याला हसले तोच आता हसणाऱ्यांत असतो. घरी दख्खनी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलांना दोन्हीकडे हा टोमणा मिळतो. तुमची मराठी शुद्ध नाही, तुमची उर्दू शुद्ध नाही. मग मूल गप्प बसते आणि आपण म्हणतो, याला काही येत नाही.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही. विठ्ठल यांचा तलफ्फुज खरेच किती वाईट होता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मी मात्र वर्गात एक नियम केला आहे. वाक्य पूर्ण होईपर्यंत कोणी हसायचे नाही, आणि मीही मध्येच दुरुस्त करायचे नाही. गेल्या आठवड्यात त्या मुलाने अख्खा परिच्छेद वाचला. ‘बाळ’ अजून ‘बाल’च आहे. होईल.