ग्नूकॅशमधील नियोजित व्यवहार

नियोजित व्यवहार ही ग्नूकॅश या मुक्त हिशेब-सॉफ्टवेअरमधील एक सुविधा आहे. घरभाडे, कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, वीज देयक यांसारखे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारे व्यवहार तिच्या साहाय्याने आगाऊ नोंदवता येतात. बँकेत अद्याप न वटलेल्या, म्हणजेच प्रलंबित व्यवहारांचा मागोवा घेण्यासाठी तिच्यासोबत बँक जुळवणीची सुविधा वापरली जाते.

पार्श्वभूमी

ग्नूकॅशचा विकास १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. ते ग्नू जनरल पब्लिक लायसन्सखाली विनामूल्य उपलब्ध असून लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस या प्रणालींवर चालते. त्याच्या अनुवादित भाषांमध्ये मराठीचाही समावेश आहे. हिशेब द्विनोंदी पद्धतीने ठेवला जातो. प्रत्येक रक्कम एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा होते. नियोजित व्यवहारांची सुविधा २००३ मधील १.८ या आवृत्तीत आली.

कार्यपद्धती

वापरकर्ता व्यवहाराचा नमुना, वारंवारता आणि समाप्ती निश्चित करतो. वारंवारता दैनिक, साप्ताहिक, मासिक इत्यादी असू शकते. व्यवहार अनिश्चित काळ, विशिष्ट तारखेपर्यंत किंवा ठरावीक वेळा चालू ठेवता येतो. मासिक व्यवहाराची तारीख शनिवारी अथवा रविवारी आल्यास तो आधीच्या किंवा नंतरच्या कामकाजाच्या दिवशी नोंदवण्याचा पर्याय आहे. वीज देयकासारख्या बदलत्या रकमेसाठी आकड्याऐवजी चल वापरता येतो. त्याचे मूल्य नोंद करताना विचारले जाते.

हिशेबाची फाइल उघडल्यावर मागील वेळेनंतर देय झालेल्या व्यवहारांची यादी दाखवता येते. यादीतील प्रत्येक व्यवहार नोंदवणे, पुढे ढकलणे किंवा वगळणे वापरकर्त्याच्या हाती असते. काही दिवस आधी स्मरण देण्याची अथवा नोंद आगाऊ करून ठेवण्याचीही सोय आहे.

प्रलंबित व्यवहार आणि जुळवणी

प्रत्येक नोंदीपुढे तिची स्थिती दर्शवणारे अक्षर असते. ‘एन’ म्हणजे न जुळवलेली, ‘सी’ म्हणजे बँकेत वटलेली आणि ‘वाय’ म्हणजे बँकेच्या विवरणपत्राशी जुळवलेली नोंद. जुळवलेली नोंद बदलू पाहिल्यास सॉफ्टवेअर सावधगिरीचा इशारा देते. बँकेकडून मिळालेली फाइल आयात करताना तिच्यातील व्यवहार आधीच्या नोंदींशी पडताळले जातात, त्यामुळे एकच खर्च दोनदा मांडला जाण्याचा धोका कमी होतो.

खात्याच्या नोंदवहीत वटलेली, सद्य आणि भावी शिल्लक वेगवेगळी दिसते. यांखेरीज ‘संभाव्य किमान शिल्लक’ हा आकडाही दाखवला जातो. उदाहरणार्थ, एखाद्या खात्यात वटलेली शिल्लक १८,००० रुपये आहे आणि ६,००० रुपयांचा दिलेला धनादेश वटायचा आहे. तेव्हा सद्य शिल्लक १२,००० रुपये होते. पुढे ५ तारखेला ९,५०० रुपयांचा हप्ता, ६ तारखेला २,८०० रुपयांचे वीज देयक आणि ७ तारखेला ४०,००० रुपये वेतन असल्यास भावी शिल्लक ३९,७०० रुपये दिसते. मात्र संभाव्य किमान शिल्लक उणे ३०० रुपये असते. महिन्याचे उत्पन्न पुरेसे असूनही ६ तारखेला खाते अपुरे पडू शकते, हे केवळ या आकड्यावरून लक्षात येते. हप्ता किंवा धनादेश परत गेल्यास सामान्यतः दंड आकारला जातो, म्हणून ही माहिती आधी मिळणे उपयुक्त ठरते.

मर्यादा

नियोजित व्यवहार ही केवळ हिशेबातील नोंद असते. तिच्यामुळे देयक आपोआप भरले जात नाही. प्रोग्रॅम बंद असताना नोंदी होत नाहीत किंवा स्मरणही मिळत नाही. शिवाय संभाव्य किमान शिल्लक केवळ नोंदवहीत आलेल्या व्यवहारांवरूनच काढली जाते. त्यामुळे नियोजित व्यवहार आगाऊ नोंदवले नसल्यास हा आकडा प्रत्यक्षापेक्षा अधिक आशादायक दिसू शकतो.

भारतातील संदर्भ

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या चौकटीनुसार, कार्डावरील स्वयंचलित आवर्ती देयकाची रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला पूर्वसूचना द्यावी लागते. अशी सूचना एका देयकापुरती असते. महिनाभरातील सर्व देयकांचा एकत्रित परिणाम पाहण्यासाठी स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो.