परदेशी विद्या आणि मायभूमीचे ऋण

आमच्या ज्ञातीतील मुले आज तंत्रविद्येसाठी परदेशी जातात. ही वाट नवी नव्हे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी शेतकीशास्त्राचा अभ्यास केला व १९१३ साली गदर पक्षाच्या उभारणीतही भाग घेतला. त्यामुळे इंग्रजी अमलात मायदेशाची दारे त्यांस बंद झाली. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात अध्यापन करून त्यांनी मक्यावर संशोधन केले व गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले. ऐन उमेदीतील त्यांच्या विद्येचे पीक परमुलखाने घेतले, कारण परतण्याची मोकळीक त्यांस नव्हती. आपल्या मुलांस ती आहे. शिष्यवृत्ती देताना संस्थेने त्यांस एवढे अवश्य विचारावे : ही विद्या कोणाच्या शेतात पेराल?