पाठ्यपुस्तकाला प्रश्न विचारणारा विद्यार्थी

१/ साल १८६७. पुण्यातील तरुणांच्या एका सभेपुढे नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय होता शाळांतून शिकवले जाणारे मराठ्यांच्या इतिहासाचे पुस्तक. निबंधाच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा होता: हे सारे कशाच्या आधारे लिहिले आहे? इतिहासशिक्षणाची आजची चर्चा याच प्रश्नाभोवती फिरते आहे. #थ्रेड

२/ ते पुस्तक जेम्स ग्रँट डफ याचे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारने या स्कॉटिश अधिकाऱ्याला साताऱ्यास नेमले. छत्रपतींच्या दरबारातील आणि पेशव्यांच्या दप्तरातील कागद त्याला पाहता आले. १८२६ मध्ये लंडनमध्ये त्याच्या इतिहासाचे तीन खंड प्रसिद्ध झाले.

३/ काही वर्षांतच कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ही ‘मराठ्यांची बखर’ शाळांत शिरली. ज्यांच्या आजोबांनी पेशवाई डोळ्यांनी पाहिली होती, ती मुले पेशवाईचा इतिहास कंपनीच्या अधिकाऱ्याने मांडलेल्या क्रमाने आणि त्याच्याच निष्कर्षांसह पाठ करू लागली.

४/ ग्रँट डफचे परिश्रम नाकारता येत नाहीत. पण मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीतील वणव्याची उपमा दिली. वणवा पेटतो, पसरतो. त्यामागे हेतू नसतो, विचार नसतो. पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० च्या आपल्या ग्रंथात या कल्पनेचाच प्रतिवाद केला. शाळेतल्या मुलाला मात्र ती उपमा नव्हे, वस्तुस्थिती वाटत होती.

५/ कीर्तन्यांच्या टीकेचे महत्त्व येथे आहे. परक्याने आपल्याला नावे ठेवली, एवढीच त्यांची तक्रार नव्हती. लेखकाने कोणती साधने पाहिली, कोणती वगळली, मूळ कागद वाचकाला तपासता येतात का, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये छापला गेलेला हा निबंध मराठी इतिहाससंशोधनाचा आरंभबिंदू मानला जातो.

६/ त्यातून एक परंपरा उभी राहिली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघाले आणि जुन्या बखरी व पत्रे छापली जाऊ लागली. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ‘अस्सल कागद’ हा शब्द प्रतिष्ठा पावला.

७/ पण कागद अस्सल असला म्हणून तो सर्वांच्या वतीने बोलतो असे नाही. कीर्तन्यांच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध केला. दप्तरे ज्यांच्या हाती नव्हती, त्या शूद्रातिशूद्रांच्या बाजूने इतिहास पाहण्याचा तो प्रयत्न होता. लिहिले कोणी, या प्रश्नाला जोड मिळाली: लिहिण्याचा अधिकार कोणाला होता?

८/ हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले व जाळले. आपण अंगठा उमटवलेल्या कागदावर काय लिहिले आहे, हे ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी तो कागद म्हणजे जमीन गमावण्याचे साधन होते.

९/ सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालाने शेतकऱ्यांच्या संतापाचे कारण सावकारांच्या माथी मारले. सरकारी शेतसारा मात्र निर्दोष ठरला. म्हणजे चौकशी करणारे सरकार, आणि दोषमुक्त होणारेही सरकारच! अहवाल अस्सल आहे, त्यातील साक्षी मोलाच्या आहेत. तरीही तो लिहिणाऱ्याचे हित ध्यानात न घेता वाचला, तर अभ्यासक फसतो.

१०/ फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे शिक्षणविषयक निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि मोडी व बाळबोध या दोन्ही लिपींचे वाचन-लेखन शिकवावे, अशी त्यांची मागणी होती. व्यवहाराचे कागद तेव्हा मोडीत असत. कागद वाचता येणे हे त्या काळी स्वसंरक्षण होते.

११/ आता शंभराहून अधिक वर्षे पुढे, अमेरिकेत. १९९१ मध्ये सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने ८ इतिहासकार आणि ८ शालेय विद्यार्थी यांना १७७५ च्या लेक्सिंग्टनच्या लढाईविषयीचे तेच ते कागद वाचायला दिले. विद्यार्थी हुशार होते. अमेरिकेचा इतिहास हा ज्यांचा विषय नव्हता, अशा काही इतिहासकारांपेक्षा त्यांची माहितीही ताजी होती.

१२/ फरक वाचण्याच्या पद्धतीत होता. इतिहासकारांची नजर आधी तळाशी जाई: कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी? मग ते एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहत. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून सरळ माहिती गोळा करत. विश्वसनीयतेचा क्रम लावताना विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकातील उतारा वर ठेवला. इतिहासकारांनी तो तळाशी ढकलला.

१३/ भारतातही दिशा बदलली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकांत मूळ साधनांतील उतारे चौकटींत दिले गेले. त्यांत सुप्याच्या उठावाचीही साधने आहेत. सरकारी अहवाल सावधपणे वाचावा, हे ते प्रकरण विद्यार्थ्याला उघडपणे सांगते.

१४/ महाराष्ट्रात २०१८ पासून दहावीच्या पुस्तकाचा आरंभच ‘इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा’ आणि ‘इतिहासलेखन : भारतीय परंपरा’ या प्रकरणांनी होतो. इतिहास कसा लिहिला जातो, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगावेसे वाटणे, हे मोठे पाऊल आहे.

१५/ अडचण परीक्षेची आहे. इतिहासकारांची नावे आणि ग्रंथ यांच्या जोड्या लावता येतात, पाठही करता येतात. उताऱ्यावरचे प्रश्नही बहुधा असे, की उत्तर उताऱ्यातच सापडते. हा उतारा लिहिणाऱ्याला काय लपवायचे असेल, याचे उत्तर उताऱ्यात नसते. त्यामुळे असा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

१६/ त्यासाठी नवे पुस्तकही लागत नाही. सुप्याचा प्रसंग शिकवताना आयोगाचा निष्कर्ष एका बाजूला आणि रयतेची साक्ष दुसऱ्या बाजूला ठेवली, की वर्गात वाद सुरू होतो. दोन्ही खरे कसे असतील? एक खोटे असेल तर कोणते, आणि ते कशावरून ठरवायचे? तासाभरात निकाल लागणार नाही. पण मुले कागद तपासायला शिकतील.

१७/ सुप्याच्या शेतकऱ्यापुढे कर्जरोखा होता. आजच्या मुलापुढे मोबाइलवर येणारे, लेखकाचे नाव नसलेले इतिहासाचे संदेश आहेत. त्यांतून जमीन जात नाही, पण शेजाऱ्याविषयीचे मत बनते, कधी वैरही जन्मते. कीर्तने यांचा प्रश्न आज त्या मुलाच्या हाती असायला हवा. पाठ्यपुस्तकापासून सुरुवात करावी, आणि हा थ्रेडही त्याला अपवाद नसावा.