घरची शाळा आणि सरकारची नजर



बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या वाटेला लागलें म्हणजे मोताळा हें गांव लागतें. आज तें तालुक्याचें ठाणें आहे. इंग्रजी अमदानींत तें मलकापूर तालुक्यांतील एक गांव होतें. शाळाबाह्य मुलांची पाहणी निघाली म्हणजे या मुलखांत शिक्षक घरोघर जाऊन विचारतात, सहा ते चौदा वर्षांचें मूल घरांत आहे काय, आणि तें कोणत्या शाळेंत जातें? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सरकारला कोठून आला, आणि ‘आमचें मूल घरींच शिकतें’ असें उत्तर मिळालें तर सरकारनें काय करावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पूर्वीं हा प्रश्न कोणी विचारीतच नसे. कुळकर्ण्याचा मुलगा बापाच्या शेजारीं बसून मोडी गिरवी, वाण्याचा मुलगा दुकानावर हिशेब शिके, सुताराचा मुलगा वाकस हातीं धरी. क्वचित् एखादा पंतोजी देवळाच्या ओवरींत धुळाक्षरें घालून देई. मुली आणि अस्पृश्यांचीं मुलें यांच्या वांट्याला यांतलें कांहींच येत नसे, व त्याची दाद घेणारेंही कोणी नव्हतें. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें, मागून सरकारी शाळाही आल्या. पण मूल शाळेंत घालणें न घालणें ही सर्वस्वी बापाच्या मर्जीची बाब राहिली.

बापाच्या या मर्जीनें काय होऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण याच जिल्ह्यांतलें आहे. बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत बापूजी हरि शिंदे हे हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक विचारांचे गृहस्थ. त्यांची एकुलती एक कन्या ताराबाई. मुलींना शाळेंत धाडण्याची सोय त्या काळीं तेथें कोठची असावयाची? बापूजींनीं मुलीला घरींच शिकविलें, आणि तेंही नुसती अक्षरओळख करून देऊन थांबले नाहींत. मराठीबरोबर संस्कृत व इंग्रजीही शिकविलें. कोणी तपासनीस आला नाहीं, परीक्षा झाली नाहीं. परीक्षा झाली ती १८८२ सालीं, ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापून निघाला तेव्हां!

त्या निबंधाचें निमित्त ध्यानांत घेण्याजोगें आहे. १८८१ मध्यें सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती सौम्य करण्यांत आली. वर्तमानपत्रांनीं समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. ताराबाईंनीं उलट सवाल टाकला, कीं दुर्गुणांची ही यादी पुरुषांना कां लागू नाहीं? मूल मेल्यावर कायदा जागा होतो. परंतु तें जगावें म्हणून त्याच्या आईला आसरा कोणी द्यावा, हें त्या काळच्या सरकारनें पाहिलें नाहीं. तें काम जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ मध्येंच पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढून अंगावर घेतलें होतें. ताराबाईंवर टीका झाली तेव्हां त्यांची बाजू घेणारेही जोतीरावच. १८८५ च्या ‘सत्सारां’त तें पाहावयास मिळतें.

याच जोतीरावांनीं त्याच १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करून, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. मला यांत विसंगति दिसत नाहीं. बापूजींसारखा बाप हजारांत एक. उरलेल्या नऊशें नव्व्याण्णवांच्या मुलींसाठीं सक्तीच हवी होती.

पुढची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ मध्यें अमरेलींत सक्ती सुरू केली व १९०६ मध्यें ती सर्व बडोदें संस्थानास लावली, मुलींसुद्धां. गोखल्यांचें १९११ चें बिल पुढच्या वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ मध्यें करवीरांत सक्ती करून, मूल न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. नागपूरच्या कायदेमंडळानें १९२० मध्यें कायदा केला, पण सक्ती लावावी कीं नाहीं हें स्थानिक संस्थांवर सोडलें. १९२८ मध्यें मध्यप्रांतानें बालकांचा कायदा केला. आईबाप हेच नेहमीं मुलाचे अखेरचे रक्षक असतात असें नाहीं, हें तत्त्व अशा कायद्यांच्या मुळाशीं आहे. सक्ती करावयाची तर आधीं शाळा तरी हवी, म्हणून १९३७ नंतर रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना निघाली, तें निराळें प्रकरण.

घरच्या शिक्षणाची आठवण इंग्लंडच्या कायद्यानें मात्र प्रथमपासून ठेवली. १८७० च्या कायद्यांत, मूल अन्य रीतीनें पुरेसें शिक्षण घेत असेल तर शाळेंत न धाडणें क्षम्य होतें. १९४४ च्या कायद्यांतही ‘शाळेंत अथवा अन्य मार्गानें’ अशी शब्दयोजना आहे. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या दहाव्या कलमानें मुलाला शेजारच्या शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. घरीं शिकविण्याची स्पष्ट मुभा त्यांत नाहीं, आणि पालकाला दंडही नाहीं. त्यामुळें पुण्या-मुंबईचीं जीं कुटुंबें हौसेनें मुलांना घरीं शिकवून पुढें मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसवितात, तीं ना परवानगींत ना गुन्ह्यांत, अशीं मधल्यामध्यें राहिलीं आहेत.

या कुटुंबांना सरसकट शाळेंत ओढावें असें मी म्हणणार नाहीं. पण त्यांच्या दारावर कोणी थाप मारूंच नये, हेंही पटत नाहीं. कारण पाहणीच्या कागदावर बापूजींची शिकणारी मुलगी आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठीं घरीं ठेवलेली मुलगी, दोघींची नोंद ‘शाळाबाह्य’ अशी एकच होते. दोघींतला फरक कागदावरून कळत नाहीं. मुलीला जवळ बसवून, चार ओळी वाचावयास देऊन कळतो. त्याला पाऊण तास पुरे. दुसरी मुलगी आढळली तर जिल्ह्याची बालकल्याण समिति आहे, शाळा आहे, कायदा आहे. पहिली आढळली तर तसें लिहून ठेवावयास पाहणीच्या तक्त्यांत एक वेगळा रकाना पाहिजे.