नेल्सन स्ट्रीटवरचा रविवार

खुबा दुखतोय ना? खुर्चीतून उठताना जांघेत कळ येते, जिना चढताना कठडा सुटत नाही. परवा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि 'रिप्लेसमेंट' म्हणाले, तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी जरा माझ्याबरोबर या. रिपोर्टची फाइल घरीच ठेवा. जिथे जायचंय तिथे एक्स-रे ही चीज अजून जन्माला आलेली नाही.

उतरा, जपून. शेणावर पाय पडला? पडणारच, हे १८८० च्या सुमाराचं लिव्हरपूल आहे आणि इथल्या रस्त्यांवरची वाहतूक घोड्यांच्या जिवावर चालते. हवेत दगडी कोळशाचा धूर इतका की थुंकलात तर थुंकी काळी पडेल. गोदीकडून डांबराचा उग्र दर्प येतोय. भुरभुर पावसात भिजलेल्या लोकरी कोटांना ओल्या मेंढीचा वास सुटलाय. रविवार आहे, चर्चच्या घंटा वाजताहेत, आणि नेल्सन स्ट्रीटवरच्या ११ नंबरच्या घरासमोर ही झुंबड!

रांगेत घुसा. रांग म्हणायची आपली पद्धत, ही गर्दीच. आज इथे फी नाही. पुढे कुबड्यांवरची पोरं, मागे गोदीतले हमाल, शेजारच्या दोघी बायका वेल्श भाषेत तावातावाने बोलताहेत. एवढ्यात "बाजू, बाजू!" असा ओरडा होतो. चौघांनी एका माणसाला दाराच्या फळीवर घालून आणलंय. मांडीचं हाड मोडलंय. फळी तुमच्या कोपराला घासून आत जाते, आणि त्याच्या घामाचा, दारूचा भपकारा नाकात राहतो. दारू दुखण्यावर उतारा म्हणून पाजलेली असावी. निदान आपण तसं समजू.

घरात शिरलात की दवाखान्याऐवजी लोहारशाळेत आल्यासारखं वाटेल. वाटेल काय, आहेच. भाता धापा टाकतोय, ऐरणीवर लालभडक पट्टी वाकतेय, उष्णतेने गाल भाजतात. पलीकडे एक कारागीर लोखंडी कड्यावर कातडं शिवतोय. कच्च्या कातड्याचा वास आणि तंबाखूचा धूर एकात एक मिसळलेत.

धूर सोडणारा तो बघा: ह्यू ओवेन थॉमस. किरकोळ अंगाचा, फिकट चेहऱ्याचा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, एका डोळ्यावर ओढलेली टोपी, ओठात सिगारेट. बाप हाडवैद्य होता, डॉक्टरांनी त्याला कोर्टात खेचून बेजार केलं. त्याने पाचही पोरांना रीतसर डॉक्टर करून टाकलं. सूड घ्यावा तर असा!

"झोपा." तुम्ही टेबलावर उताणे. तुमच्या कंबरेखाली तो हात सरकवतो. तिथे पोकळी आहे, हात आरपार जातो. मग तुमचा चांगला गुडघा धरून थेट छातीला भिडवतो. पाठ टेबलाला चिकटते, आणि तराजूचं एक पारडं दाबल्यावर दुसरं उचलावं तशी दुखरी मांडी आपोआप वर येते! तुम्ही ती खाली दाबायला बघता. येत नाही. इतके दिवस कंबर वाकवून तुम्ही खुब्याचा आखडलेपणा लपवत होता, नकळत का होईना. यंत्र नाही, सुई नाही, पाच सेकंदांत चोरी पकडली. घरी परतल्यावर तुमचे ऑर्थोपेडिकवाले हेच करतील, आणि त्याला 'थॉमस टेस्ट' म्हणतील.

इथे 'सांधा बदला' म्हणू नका हं. इतर सर्जन किडलेला सांधा कापून काढतात, नाहीतर पायच तोडतात. या माणसाला ती घाई अजिबात आवडत नाही. त्याचं औषध एकच: विश्रांती. तीही सक्तीची, मध्ये खंड न पडणारी, आणि तुमच्या अंदाजापेक्षा कितीतरी लांबलेली.

सक्ती लोखंडाची. पाठीपासून पोटरीपर्यंत जाणारी एक पट्टी तुमच्या मागे लावतात. छाती, मांडी, पोटरीभोवती पट्टे आवळले जातात. लोखंड गार लागतं, मग टोचतं. पाना घेऊन तो अंगावरच पट्टीला बाक देतो. "हललात?" नाही, हलताच येत नाही.

शेजारच्या बाकावर सात-आठ वर्षांचा पोरगा. गुडघा सुजून चकाकतोय, हाडाचा क्षय. त्याच्या जांघेत कातडी कडं चढवलंय, बसायच्या हाडाला टेकेल असं. कड्यातून दोन सळ्या पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली जाऊन टोकाला जुळतात. पायाला चिकटपट्टी लावून ती टोकाशी ताणून बांधली, की पाय जागच्या जागी. फळीवरून आणलेल्या त्या माणसाचीही हीच गत होणार. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात अपघाताचा पेशंट आला की अजून जी थॉमस स्प्लिंट मागवतात, ती हीच. पट्ट्या गुंडाळणारा तो तरणा डॉक्टर म्हणजे थॉमसच्या बायकोचा भाचा, रॉबर्ट जोन्स. पुढे पहिल्या महायुद्धात मांडी फुटलेल्या सैनिकांसाठी तो हेच लोखंड पुढे आणणार आहे. आज मात्र तो पोराला "रडू नकोस" म्हणतोय, आणि पोराची आई त्याला मगातून दूध पाजतेय. कच्चंच. तापवून प्यायची आपली सवय इथे नाही, आणि क्षय गाईच्या दुधातूनही येतो हे त्या माउलीला कोण सांगणार?

"किती दिवस?" तुम्ही विचारता.

"महिने," भाचा दुरुस्ती करतो आणि पुढच्याला हाक मारतो.

बाहेर आलात. घोड्यांची ट्राम उभी आहे, पण बसणार कसे? पाठीपासून पोटरीपर्यंत तुम्ही सरळसोट! कंडक्टर म्हणतो, उभे राहा. मागची बाई म्हणते, आडवं घाला. एक हमाल तुम्हाला काखेतून उचलतो, दुसरा पायाकडून, आणि कंडक्टर विचारतो, भाडं माणसाचं घेऊ की सामानाचं?